चरित्रासाठी संमतिपत्र आणि वकिली वाचन : बेळगावात काय मिळते, कितपत पुरते

सीमाभागात माणसांवर पुष्कळ लिहिले जाते. सीमालढ्यातले कार्यकर्ते, तालमीचे वस्ताद, निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनात उतरलेले शेतकरी, विडी कामगार बायका, खानापूरच्या जंगलपट्टीत शाळा उभ्या केलेले गुरुजी. त्यांची चरित्रे, गौरवग्रंथ, एकसष्टीच्या स्मरणिका निघतात. छपाई तोंडावर आली की कुणीतरी विचारते, ‘घरच्यांची सही घेतलीत का?’ मग घाईघाईत एक कागद तयार होतो. हा कागद कुठे मिळतो, त्यात काय असते आणि वेळ आली तर तो किती उपयोगी पडतो, हे इथे तपासले आहे.

पैसे देऊन मिळणारे पर्याय तीन. कोर्टाच्या आवाराजवळ टायपिंगच्या टेबलावर स्टँपसह करून मिळणारे ना-हरकतपत्र, इंटरनेटवरून उतरवून घेतलेला ‘लाइफ राइट्स’ (एखाद्याच्या आयुष्याची गोष्ट वापरण्याचे हक्क) कराराचा इंग्रजी नमुना, आणि वकिलाकडून संपूर्ण हस्तलिखिताचे वाचन. दुकानांची आणि वकिलांची नावे दिलेली नाहीत, कारण टेबल बदलले तरी मसुदा साधारण तोच असतो.

आमचे मत आधीच सांगतो. टेबलावरचा कागद काही ओळी घालून घेतल्या तर कामाचा आहे. इंग्रजी नमुना आहे तसा वापरू नये. आणि पैसे मोजकेच असतील तर ते वाचनावर खर्च करावेत. संमतिपत्रावर सही असते ती चरित्रनायकाची किंवा त्याच्या मुलाची. नोटीस पाठवू शकतात ते मात्र पुस्तकात नाव आलेले बाकीचे सगळे: वेगळा निघालेला भाऊ, मोडलेल्या लग्नातली पत्नी, सोसायटीच्या निवडणुकीत हरलेला गट, जमिनीच्या दाव्यातला शेजारी. त्यांच्यातल्या कुणालाही ती सही बांधून ठेवत नाही.

टेबलावरचे ना-हरकतपत्र

बेळगावात चन्नम्मा सर्कलजवळच्या कोर्ट परिसरात आणि तालुक्याच्या गावी कचेरीसमोर हे काम चटकन होते. मजकूर ठरलेला: ‘मी अमुक, राहणार अमुक, लिहून देतो की माझ्या जीवनावर पुस्तक लिहिण्यास माझी काही हरकत नाही.’ खाली सही, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. सही कुणी केली आणि कोणत्या तारखेला केली, याचा पुरावा यातून मिळतो. तेवढीच नोटरीच्या शिक्क्याची किंमत. त्याने मजकूर खरा ठरत नाही आणि लेखकाला नवा हक्कही मिळत नाही.

कागद नेमका कशासाठी लागतो, हे मसुदा करणाऱ्याला माहीत नसते आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. कुणाच्या आयुष्यात काय घडले यावर कुणाची मालकी नसते. आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सीमारेषा आखून दिली. कोर्टाच्या निकालांसह जे सार्वजनिक दप्तरात आहे, त्यावर संमतीशिवाय लिहिता येते. सरकारी पदावरच्या माणसाच्या कामावर लिहायला आणखी मोकळीक आहे. पण घर, लग्न, मुले, बाळंतपण, शिक्षण अशा खासगी गोष्टी संमतीविना छापल्या, तर त्या खऱ्या असोत वा खोट्या, स्तुतीच्या असोत वा टीकेच्या, भरपाईचा दावा होऊ शकतो. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटल्यावर हा पाया आणखी पक्का झाला.

म्हणजे संमतिपत्राचे खरे काम खासगी भागापुरते, आणि तयार मसुदा नेमका तिथेच मोघम असतो. ‘माझ्या जीवनावर’ या दोन शब्दांत दारूचे व्यसन, पहिले लग्न, मानसिक आजार, दिवाळे, दत्तक मूल हे सगळे येते की नाही, यावर उद्या वाद होईल. ज्या नाजूक गोष्टी पुस्तकात येणार आहेत त्या एकेक करून नावानिशी लिहून घ्याव्यात. सांगणाऱ्याला संकोच वाटेल. तो संकोच मसुद्याच्या वेळी कळलेला बरा.

कोणत्या स्वरूपासाठी संमती आहे, हेही लिहावे: छापील पुस्तक, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, नाटक, मालिका, आणि आपल्याकडे हमखास लागणारा कन्नड अनुवाद. हस्तलिखित दाखवणार असाल तर ‘१५ दिवसांत तपशिलाच्या चुका लेखी कळवाव्यात, मजकुराचा अंतिम निर्णय लेखकाचा’ अशी ओळ हवी. ती नसेल तर दाखवायला दिलेल्या प्रतीचे रूपांतर मंजुरीच्या हक्कात होते आणि पुस्तक वर्षभर कुणाच्या तरी कपाटात पडून राहते. एकदा दिलेली संमती छपाईनंतर मागे घेता येणार नाही, हेही स्पष्ट लिहावे.

मोबदल्याची ओळ टेबलावर नेहमी गळते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २५ प्रमाणे मोबदल्याशिवायचा करार, थोडे अपवाद सोडले तर, रद्दबातल ठरतो. नुसती ‘हरकत नाही’ ही बचावाला उपयोगी पडेल. पण ‘दुसऱ्या कुणाला ही माहिती देणार नाही’ हे वचन पाळायला लावायचे असेल तर मोबदला दिसलाच पाहिजे. तो मोठा असण्याची गरज नाही. ‘पुस्तकाच्या २५ प्रती आणि अमुक रुपये, मिळाले’ एवढे पुरते. प्रतिज्ञापत्र आणि करार यांतली गल्लतही इथलीच. प्रतिज्ञापत्र एकतर्फी असते, त्यावर लेखकाची सही नसते. लेखकाने काही देऊ केले असेल आणि समोरच्याने काही कबूल केले असेल, तर दोघांच्या सह्यांचा करारच हवा.

सीमाभागातली खास अडचण अशी की मसुदा पुष्कळदा कन्नड किंवा इंग्रजीत टाइप होतो आणि सही करणारे आजोबा फक्त मराठी वाचतात, किंवा अंगठाच देतात. उद्या नातू म्हणाला, ‘आजोबांना काय लिहिले होते ते कळलेच नव्हते,’ तर उत्तर काय द्यायचे? म्हणून मसुदा मराठीतच करून घ्यावा. दुसऱ्या भाषेत असेल तर ‘हा मजकूर मला अमुक यांनी मराठीत वाचून दाखवला, तो मला समजला’ ही ओळ आणि वाचून दाखवणाऱ्याची सही घ्यावी. तो वाचणारा लेखक किंवा प्रकाशक नसावा. अंगठा असेल तर साक्षीदार घराबाहेरचे हवेत.

मुद्रांक शुल्क कमी भरले तर कर्नाटक मुद्रांक कायद्याप्रमाणे असा कागद पुराव्यात घेतला जात नाही. घ्यायचाच झाला तर राहिलेले शुल्क आणि त्याच्या दहापट दंड भरावा लागतो. ‘जुन्या दराचा स्टँप आहे, चालतो’ असे कुणी म्हटले तर तो घेऊ नये. करार म्हणून त्या दिवशीचे शुल्क किती, ते विचारूनच ई-स्टँप काढावा आणि त्यावर दोन्ही पक्षांची नावे असावीत.

चरित्रनायक हयात नसेल तर

मृत व्यक्तीच्या खासगीपणाचा हक्क वारसांकडे जात नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. हे ऐकून लेखक निर्धास्त होतात. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चे पहिलेच स्पष्टीकरण सांगते की गेलेल्या माणसावर केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. तो माणूस हयात असता तर त्या आरोपाने त्याच्या लौकिकाला धक्का बसला असता आणि जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा हेतू होता, हे दिसले म्हणजे झाले. शिवाय त्याची विधवा आणि मुले हयात असतात आणि त्यांचा स्वतःचा खासगीपणा शाबूत असतो.

वारसांच्या सह्या खरोखर लागतात त्या पत्रे, रोजनिशी, कविता आणि अप्रकाशित आत्मकथन यांच्यासाठी. हा कॉपीराइट, आणि तो इस्टेटीसारखा वारसांकडे जातो. थोरल्या मुलाच्या एका सहीवर छपाई करणे ही इथली सर्रास चूक. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, सगळे वाटेकरी. कोल्हापूरला, सावंतवाडीला दिलेल्या लेकींच्या सह्या राहतात, आणि जमिनीवरून आधीच भांडण असेल तर पुस्तक त्या भांडणात ओढले जाते. वंशावळीचा दाखला काढावा आणि त्यातल्या प्रत्येक नावापुढे सही घ्यावी. मृत्युपत्राने अप्रकाशित हस्तलिखित एकाला दिले असेल, तर वेगळे काही लिहिलेले नसल्यास कॉपीराइटही त्याच्याकडे गेला असे धरतात.

पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. चरित्रनायकाच्या ट्रंकेत दुसऱ्या नेत्याची चाळीस पत्रे सापडली, तर चरित्रनायकाच्या घरच्यांना ती छापायची परवानगी देता येत नाही. ‘साठ वर्षे झाली, आता मोकळे’ हा नियमही सर्वत्र लागू नाही. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाला मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे संरक्षण असते. हयातीत प्रसिद्धच न झालेले लेखन मात्र कॉपीराइट कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पहिल्या प्रकाशनापासून पुढची ६० वर्षे धरते. म्हणून घरच्या ट्रंकेतले जुने पत्र आजही मोकळे नसते. तेच पत्र लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात असेल आणि लिहिणाऱ्याच्या मृत्यूला ६० वर्षे उलटली असतील, तर त्याच कायद्याची कलम ५२(१)(पी) ही तरतूद ते प्रकाशनासाठी उतरवू देते. कुटुंबाकडे जुने दप्तर असेल तर ते आधी ग्रंथालयाकडे सोपवण्याचा विचार करावा, असे आम्ही आवर्जून सांगू.

छायाचित्रांत आणखी घोळ होतो. पैसे देऊन स्टुडिओकडून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. त्यामुळे लग्नाच्या अल्बमसाठी घरच्यांची परवानगी पुरते. मोर्चाचा फोटो वृत्तपत्राच्या नोकरीतल्या छायाचित्रकाराने काढला असेल, तर वृत्तपत्राचा हक्क वृत्तपत्रीय प्रसिद्धीपुरता. पुस्तकासाठीचा हक्क, उलट करार नसेल तर, छायाचित्रकाराकडे राहतो. दोघांनाही लेखी विचारावे. कोर्टाचा निकाल उतरवून घ्यायला परवानगी लागत नाही, फक्त न्यायालयानेच मनाई केलेली नसावी. सर्टिफाइड कॉपी मात्र काढून ठेवावी.

हक्क लिहून घेताना मुदत आणि प्रदेश लिहिलाच पाहिजे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत असे धरतात. हक्क मिळाल्यापासून एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळे काही नसल्यास, तो संपतो. मराठी पुस्तकाला दोन-तीन वर्षे सहज लागतात. ‘एक वर्षाची अट लागू नाही’ ही एवढीशी ओळ राहून गेल्यामुळे सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

इंग्रजी ‘लाइफ राइट्स’ नमुना

यावर फार शब्द घालवायचे कारण नाही. हे नमुने बहुतेक अमेरिकी सिनेनिर्मात्यांसाठी केलेले असतात. पंधरा-वीस पाने, कॅलिफोर्नियाचा कायदा, तिथलेच न्यायक्षेत्र. घ्यायच्या दोनच गोष्टी: स्वरूपांची यादी आणि ‘कागदपत्रे व मुलाखती देऊन सहकार्य करीन’ हे कलम. बाकी टाकून द्यावे आणि न्यायक्षेत्र बेळगाव लिहावे.

वकिलाकडून हस्तलिखित वाचन

खरी सेवा ही, आणि दर्जातला फरकही इथेच सर्वांत जास्त दिसतो. शुल्क कुणी पानावर सांगतात, कुणी ठोक. आधी दोन प्रश्न विचारावेत: मराठी पुस्तक सलग वाचता का, आणि अभिप्राय लेखी देता का? ‘शंकेची पाने तेवढी पाठवा’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. लेखकाला जी पाने शंकेची वाटतात त्यांवर त्याने आधीच हात फिरवलेला असतो. धोका असतो तो ज्या ओळीकडे त्याचे लक्षच नाही तिथे.

चांगल्या वाचनातून एक तक्ता हाती यायला हवा: पान, वाक्य, त्यात कुणावर काय ठपका येतो, पुरावा काय, आणि काय करायचे. वकिलाला देताना पानांना क्रमांक, पुस्तकातल्या प्रत्येक हयात व्यक्तीची यादी आणि पुराव्यांची फाइल सोबत द्यावी. मुलाखती फोनवर ध्वनिमुद्रित असतील तर मूळ फाइल जपावी. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा) नोंदवायची असते. फोन विकला आणि व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली प्रतच उरली, तर अडचण येते. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच नाव, तारीख आणि ‘छापायला हरकत नाही’ हे सांगणाऱ्याच्या तोंडून घ्यावे.

वाचणाऱ्याने बदनामीचे गणित नीट मांडले आहे का, ते पाहावे. दिवाणी दाव्यात विधान खरे असल्याचे सिद्ध झाले की बचाव पूर्ण. फौजदारीत नुसते खरे असून भागत नाही, ते लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. पतसंस्थेतल्या अपहाराचा उल्लेख लोकहितात बसेल; त्याच अध्यक्षाच्या घरातले भांडण बसणार नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. जाणूनबुजून छापणारा आणि विकणाराही कलम ३५६ मध्येच येतो, म्हणून जाणते मुद्रक लेखकाकडून हमीपत्र मागतात. त्या हमीपत्राने पैशाची जबाबदारी लेखकावर ढकलता येते, फौजदारी जबाबदारी नाही.

‘असे लोक म्हणतात’, ‘गावात चर्चा होती’ असे लिहिल्याने सुटका होत नाही; दुसऱ्याचा आरोप पुन्हा छापणे हीही बदनामीच. नाव बदलूनही भागत नाही. तीन हजार वस्तीच्या गावात ‘त्या काळचे सोसायटीचे चेअरमन, पायाने अधू’ म्हटले की माणूस कोण ते सगळ्यांना कळते. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ चरित्रावर छापणे तर उलट अंगाशी येते. उपाय वेगळा आहे: निष्कर्ष काढून टाकावा आणि घटना ठेवावी. ‘त्याने पैसे खाल्ले’ ऐवजी ‘लेखापरीक्षणात अमुक रकमेचा हिशेब लागला नाही, असे अहवालात नमूद आहे,’ आणि अहवालाची प्रत फाइलला. सीमालढ्यातल्या फुटीबद्दल लिहिताना हे फार सांभाळावे लागते. एकाला ‘गद्दार’ म्हणणे लेखकाला राजकीय मत वाटते. त्याला जोडून ‘पैसे घेतले’ आले की तो वस्तुस्थितीचा आरोप झाला आणि पुरावा लेखकानेच द्यायचा.

एका बाबतीत वाचणाऱ्या वकिलाने ठाम नकार द्यायला हवा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे उघड करता येत नाही. हयात, सज्ञान पीडितेने स्वतः लेखी परवानगी दिली तरच अपवाद. ती मृत किंवा अज्ञान असेल तर नातलगांनी लेखकाला दिलेली संमती चालत नाही. सार्वजनिक दप्तरात नाव आहे, हा बचावही राजगोपाल निकालाने इथे बंद केला आहे.

निम्मी वाचने जिथे फसतात ती जागा म्हणजे मुख्य मजकुराबाहेरची पाने. प्रस्तावना, पाहुण्यांचे गौरवलेख, मलपृष्ठ, फोटोओळी. ‘डावीकडून तिसरे, तुरुंगातून सुटल्यावर’ या ओळीत चुकीचा माणूस तुरुंगात जाऊन येतो. वाचन अंतिम डीटीपी प्रतीवर एकदा पुन्हा झाले पाहिजे, आणि ते शुल्कात धरले आहे का, हे सुरुवातीलाच ठरवावे.

दावा कुठे लागेल, याचा विचारही अभिप्रायात असावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ प्रमाणे प्रतिवादी राहतो तिथे किंवा जिथे नुकसान झाले तिथे दावा लावता येतो. पुस्तक बेळगावात छापून कोल्हापुरात विकले तर दोन्हीकडची दारे उघडी. इकडचे अपील धारवाड खंडपीठाकडे, तिकडचे १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे. बेळगावच्या न्यायालयात मराठी पुस्तकातल्या वादग्रस्त ओळींचा कन्नड किंवा इंग्रजी अनुवाद द्यावा लागतो. तो विरुद्ध पक्षाने केलेलाच ग्राह्य धरू नये. आपला अनुवाद तयार ठेवावा. भरपाईच्या दाव्याची मुदत प्रकाशनापासून एक वर्ष, फौजदारी तक्रारीची तीन वर्षे. पुराव्यांची फाइल निदान तेवढा काळ हलवू नये, आणि पुनर्मुद्रण केले तर मोजणी नव्याने सुरू होऊ शकते, हे धरून चालावे.

प्रकाशनाआधी धमकी आली तर घाबरून समारंभ रद्द करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २२ मार्च २०२४ रोजी ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सांगितले आहे की खटल्याआधीच प्रसिद्धी थांबवणारा मनाई हुकूम अपवादात्मक स्थितीतच द्यावा. तरीही एकतर्फी हुकूम निघू नये म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट (आमचे ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये, असा अर्ज) दाखल करावे आणि त्याची प्रत समोरच्याला स्पीड पोस्टाने, नोंदणी आणि पोचपावतीसह पाठवावी. कॅव्हेट ९० दिवस चालते. त्यामुळे ते हस्तलिखित छपाईला देताना घालू नये, निमंत्रणपत्रिका वाटायच्या सुमारास घालावे; विक्री कोल्हापूरलाही होणार असेल तर तिथल्या न्यायालयातही वेगळे घालावे.